टस्कनीच्या पांढऱ्या वाटा कच्च्या का राहिल्या?

प्रश्न : माझा पुतण्या नोकरीनिमित्त इटलीत असतो. त्याने पाठवलेल्या फोटोंत द्राक्षबागांच्या मधून पांढरेफटक कच्चे रस्ते जातात आणि त्यांवरून लोक हौसेने सायकली हाणताना दिसतात. वाइनच्या जोरावर श्रीमंत झालेला हा मुलूख, मग तिथले रस्ते कच्चे कसे? आम्ही डांबरी रस्त्यासाठी वर्षानुवर्षं अर्ज करतो. तिथल्या शेतकऱ्याला डांबर नको आहे का?
— एक द्राक्ष बागायतदार, निफाड तालुका

उत्तर : फोटो टस्कनी प्रांतातले असावेत. फ्लोरेन्स आणि सिएना या दोन जुन्या शहरांच्या मधे कियांती नावाचा डोंगराळ पट्टा आहे. त्याच नावाची वाइन जगभर जाते. सिएनाच्या दक्षिणेला क्रेते सेनेसी हा उघड्याबोडक्या टेकड्यांचा भाग लागतो आणि त्याच्या पुढे मोंताल्चिनो, ब्रुनेल्लो वाइनचं गाव. या टापूत ‘स्त्रादे बियांके’, म्हणजे पांढरे रस्ते, जागोजाग भेटतात. ते कच्चे राहिले ते आधी एका मोठ्या स्थलांतरामुळे आणि नंतर एका माणसाच्या हट्टामुळे.

रंगाचं आधी सांगतो. आपला डोंगर लाव्हाचा, म्हणून आपली खडी काळी आणि मुरूम तांबूस. कियांतीचा डोंगर समुद्राच्या तळाशी साचलेल्या गाळातून झालेला. त्यात दोन दगड सतत आढळतात. अल्बेरेझे हा फिकट, टणक चुनखडीचा दगड, तर गालेस्त्रो पापुद्र्यांनी सुटणारा, मातकट. वेलींना हे दोन्ही मानवतात, कारण मुळाशी पाणी तुंबत नाही. शेतातून निघालेला हाच दगड बांधाला, घराला आणि वाटेला लागला. चुनखडीच्या भुकटीला ओल मिळाली आणि वरून दाब पडला की ती आवळून बसते. त्यामुळे नीट राखलेल्या पांढऱ्या रस्त्याच्या चाकोऱ्या चांगल्या घट्ट असतात. सुटी खडी असते ती मधल्या उंचवट्यावर आणि कडेला. क्रेते सेनेसीत तर मातीच राखाडी-पांढरी. काही दशलक्ष वर्षांपूर्वी तिथे समुद्र होता, त्याच्या तळाची ती चिकणमाती आहे.

रस्ते कुणासाठी झाले, हे कळलं की ते असे वळणावळणाने का जातात तेही कळतं. टस्कनीत शतकानुशतकं जमीन अर्धेलीने कसली जाई. जमीन आणि घर मालकाचं, राबणूक कुळाची, पीक निम्मं-निम्मं. आपल्याकडे शेतकरी गावठाणात राहतो आणि शेतावर जातो. तिथे कुळाचं दगडी घर त्याच्या शेतातच असे, बहुधा टेकडीच्या माथ्यावर. त्यामुळे घर तिथे वाट आली. कुळाच्या घरापासून मालकाच्या वाड्यापर्यंत, चक्कीपर्यंत, चर्चपर्यंत अशा वाटांचं जाळं साऱ्या डोंगरावर पसरलं. शक्य तिथे ती डोंगराच्या धारेने काढली, कारण धारेवरचं पाणी दोन्ही अंगांनी उतरून जातं. खालच्या चिकणमातीत बैलगाडी रुतली असती.

दुसऱ्या महायुद्धानंतर ही व्यवस्था कोसळली. १९५० आणि १९६० च्या दशकांत कुळांची तरुण मुलं कारखान्यांच्या शहरांकडे निघून गेली. अर्धेलीचे नवे करार बंद करणारा कायदा १९६४ मध्ये आला, तोवर कित्येक घरं ओस पडली होती. याच वर्षांत इटलीत घरोघरी मोटार येत होती आणि देशभर डांबर पडत होतं. पण ज्या टेकडीवर माणूसच उरला नाही, तिथे ते टाकायचं कोणासाठी? रस्ते तसेच राहिले. पुढे शहरी आणि परदेशी लोकांनी ती घरं विकत घेतली, वाइनला भाव आला, पर्यटक आले, आणि मग मात्र डांबराची पाळी आली.

तेव्हा रस्ते तसेच राखायचा हट्ट धरला तो जानकार्लो ब्रॉची यांनी. १९९७ मध्ये त्यांनी गायोले इन कियांती या गावातून ‘लेरोइका’ नावाची सायकलफेरी काढली. जुन्या काळी इटलीतल्या शर्यती अशाच धुळीतून होत. कोप्पी आणि बार्ताली या सायकलपटूंना थोर केलं ते अशाच रस्त्यांनी. ते सायकलिंग आणि ते रस्ते दोन्ही एकदम राखायचे, ही ब्रॉची यांची कल्पना. पहिल्या वर्षी ९२ जण आले. आता दर ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारच्या सुमाराला हजारो येतात. नियम कडक आहेत. सायकल १९८७ च्या आधीच्या घडणीची हवी, गिअरचे दांडे फ्रेमच्या तिरक्या नळीवर हवेत, पेडलला पावलाची जाळी आणि पट्टा हवा, ब्रेकच्या तारा हँडलच्या बाहेरून गेलेल्या हव्यात. मोठा मार्ग दोनशे किलोमीटरहून लांब आहे. तो धरणारे पहाटेच्या अंधारात निघतात आणि दिव्यांनी उजळलेल्या सायप्रसच्या झाडांच्या रांगांतून ब्रोलियोच्या किल्ल्याकडे चढतात. किल्ला रिकासोली घराण्याचा. या घराण्यातले बेत्तिनो रिकासोली इटलीचे पंतप्रधान होते, आणि कियांतीत सान्जोवेझे द्राक्ष मुख्य असावं हे त्यांनीच १८७२ च्या एका पत्रात मांडलं. आजही कियांती क्लासिकोत किमान ८० टक्के सान्जोवेझे लागतं.

वाटेतल्या थांब्यांवर चकचकीत वेष्टनातल्या एनर्जी बारऐवजी रिबोलिता मिळते. शिळा पाव, घेवडा आणि कोबीच्या जातीची काळपट पालेभाजी घालून शिजवलेलं हे दाट सूप म्हणजे आपल्या फोडणीच्या पोळीची टस्कनीतली बहीण. सोबत वाइनचा पेलाही असतो. द्राक्षतोडणीचा तोच हंगाम, त्यामुळे दोन्ही बाजूंना बागांत माणसं कामाला असतात.

मोठ्या मार्गावर आता कायमच्या पाट्या आहेत. वर्षभरात कोणीही, कोणत्याही सायकलवर तो करू शकतो. २००७ मध्ये याच रस्त्यांवर व्यावसायिक सायकलपटूंची शर्यत सुरू झाली, तिचं आजचं नावच ‘स्त्रादे बियांके’. ती सिएनाच्या पियाझ्झा देल काम्पो या चौकात संपते आणि त्याआधी सांता कातेरिना गल्लीचा १६ टक्क्यांपर्यंतचा चढ असतो. २०१८ ची शर्यत पावसाने चिखलात झाली. वाउट व्हान आर्ट त्या चढावर सायकलसकट कोलमडला, उठला आणि तिसरा आला. २०२४ मध्ये तादेय पोगाचार शेवटचे ८१ किलोमीटर एकटाच पुढे राहून जिंकला. अशानो गावाजवळच्या मोन्ते सान्ते मारिये या साडेअकरा किलोमीटरच्या कच्च्या तुकड्याला, शर्यत तीनदा जिंकणाऱ्या फाबियान कान्चेलाराचं नाव दिलं आहे. रस्त्याला अशी ओळख मिळाली की त्यावर डांबर ओतायला कोणाचा हात सहजी धजावत नाही.

आता तुमचा शेवटचा सवाल. तिथल्या प्रत्येक शेतकऱ्याला डांबर नको आहे, असं म्हटलं तर ते खोटं ठरेल. उन्हाळ्यात धूळ उडते, घरात शिरते, कडेच्या वेलींवर बसते. जोराच्या पावसानंतर खडी पुन्हा ओढून सारखी करावी लागते, त्याला खर्च येतो. तिथे फरक इतकाच की, गावागावांना जोडणारे मुख्य रस्ते आधीच डांबरी आहेत. कच्चे राहिलेत ते शेतांमधले. तुम्ही अर्ज करता तो रस्ता आजाऱ्याला दवाखान्यात आणि मुलांना शाळेत नेणारा असेल, तर अर्ज सोडू नका. कच्च्या रस्त्याचं सौंदर्य जपण्याचा भार ज्याला दुसरा रस्ताच नाही त्याच्यावर टाकणं हा अन्याय आहे.

प्रश्न : माझी सायकल बारीक टायरची आहे. मित्र म्हणतात, ग्रॅव्हल सायकल घे. पण जाड टायर म्हणजे वेग कमी, हे तर शाळेत असल्यापासून ऐकतो. खडीवर खरंच चालवता येते का? आणि काही कच्च्या रस्त्यांवर आडव्या लाटा पडतात, हाडं खिळखिळी होतात, त्या कशाने?
— एक सायकलस्वार, पुणे

उत्तर : गुळगुळीत डांबरावर बारीक, टणक फुगवलेला टायर चांगला पळतो, हे ठीक. खडीवर हिशेब बदलतो. टणक टायर खड्यावर आदळला की सायकल आणि तुम्ही, दोघंही वर उचलले जाता. पुढे न्यायची ताकद वर उचलण्यात जाते, आणि हे दर वितीला होत राहतं. जाड, मऊ टायर तोच खडा स्वतःत दाबून घेतो. तुमचं वजन जागच्या जागी राहतं, चाक पुढे जातं. म्हणून खडबडीत रस्त्यावर जाड टायर वेगवानही असतो आणि दमवतही कमी. ग्रॅव्हल सायकलला साधारण ३५ ते ५० मिलिमीटर रुंदीचे टायर असतात. मध्यम वजनाच्या माणसाने ४० मिलिमीटरच्या ट्यूबलेस टायरमध्ये ३० ते ४० पीएसआयच्या आसपास हवा ठेवून सुरुवात करावी आणि मग अनुभवाने कमी-जास्त करावी. ट्यूबलेसमध्ये घातलेल्या द्रावामुळे बारीक भोक आपोआप बुजतं. शर्यतीतले लोकही आता पूर्वीपेक्षा रुंद टायर वापरू लागले आहेत.

गिअरकडे टायरइतकंच लक्ष द्या. द्राक्षाच्या डोंगरात चढ लांब नसतात, पण छातीवर येतात, आणि एक संपला की दुसरा उभाच. सुट्या खडीच्या चढावर पेडलवर उभं राहिलात तर मागच्या चाकावरचं वजन हलकं होतं, चाक जागीच फिरतं आणि तुम्ही थांबता. बसून, हलक्या गिअरवर, एका लयीत चढावं लागतं. त्यासाठी पुढे लहान आणि मागे मोठं चक्र हवं. जुन्या सायकलवर लेरोइका करणारे कित्येक जण मोन्ते सान्ते मारियेत उतरून सायकल ढकलतात. त्यात काही कमीपणा नाही.

उताराला नजर लांब ठेवा, दहा-पंधरा मीटर पुढे. चाकाखालच्या खड्याकडे पाहत राहिलात तर तोच खडा गाठाल. हँडल सैल धरा. सायकल थोडी इकडेतिकडे सरकते, तिला सरकू द्या. ब्रेक वळणाच्या आधी लावा, वळणात नको. मागचं चाक घसरलं तर सावरता येतं, पुढचं घसरलं की माणूस खालीच. चाकोरी सोडून कडेच्या सुट्या खडीत जाऊ नका, आणि जावंच लागलं तर पेडल मारणं थांबवू नका.

लाटांचं कोडं मला फार आवडतं. पुष्कळांना वाटतं, त्या गाड्यांच्या स्प्रिंगमुळे पडतात. २००७ मध्ये ताबेरले, मॉरिस आणि मॅकएलवेन या संशोधकांनी वाळूच्या गोल पट्ट्यावर चाक फिरवून दाखवलं की स्प्रिंग नसली तरी लाटा पडतात. चाक एका ठरावीक वेगाच्या वर गेलं की पृष्ठभागावरच्या बारीकशा उंचवट्यावरून उडी घेतं आणि पलीकडे आपटतं. आपटताना खडी पुढे लोटतं, उंचवटा वाढतो, पुढचं चाक आणखी उंच उडी घेतं. वेग त्या मर्यादेखाली राहिला तर लाटा धरतच नाहीत, पण ही मर्यादा इतकी कमी आहे की मोटारवाला ती पाळणार नाही. म्हणजे कच्चा रस्ता सायकलीसाठी चांगला राहायचा, तर त्यावर वर्दळ कमी हवी. टस्कनीतही लाटा सापडतात त्या मोटारी जास्त जातात तिथे, खास करून तीव्र वळणांच्या आसपास, जिथे प्रत्येक जण ब्रेक मारतो आणि लगेच वेग घेतो. अशा जागी चाकोरीचा अगदी बाहेरचा काठ पाहा. तिथे बऱ्याचदा वितभर गुळगुळीत पट्टी उरलेली असते.

प्रश्न : आमचे आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते आणि दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढले. घरात त्यांचं एवढंच बोलणं शिल्लक आहे की, तिथली धूळ पांढरी होती. ते याच रस्त्यांवरून गेले असतील का?
— एक निवृत्त सैनिक, सातारा जिल्हा

उत्तर : शक्यता दाट आहे. १९४४ च्या उन्हाळ्यात भारतीय आठवी डिव्हिजन दक्षिणेकडून फ्लोरेन्सकडे सरकत होती, आणि तिच्यात मराठ्यांची पलटण होती. वाट कियांतीच्या टेकड्यांमधूनच जाते. मोन्तेस्पेर्तोली गावाजवळ मोन्तेगुफोनी नावाचा किल्लेवजा वाडा आहे. आपले जवान तिथे पोहोचले तेव्हा आत फ्लोरेन्सच्या उफ्फीझी संग्रहालयातली चित्रं लपवून ठेवलेली होती. युद्धापासून वाचवायला ती खेड्यात हलवली होती आणि आता युद्धच त्यांच्या दारात आलं होतं. त्यांत बोत्तिचेल्लीचं ‘प्रिमावेरा’ हे जगविख्यात चित्रही होतं. लेखक एरिक लिंक्लेटर तेव्हा आठव्या डिव्हिजनबरोबर होते. त्या चित्रांचं सापडणं आणि आपल्या जवानांचा तिथला वावर, दोन्ही त्यांनी लिहून ठेवलं आहे. मराठ्यांनी त्या चित्रांवर पहारा दिला. आज उफ्फीझीत ‘प्रिमावेरा’समोर गर्दी उभी असते. त्या गर्दीतल्या मराठी माणसाला तरी हे ठाऊक असावं, असं मला मनापासून वाटतं.

त्याच उन्हाळ्यात, १० जुलैला, पूर्वेकडे तिबर नदीच्या वरच्या खोऱ्यात मराठा लाइट इन्फंट्रीचेच नायक यशवंत घाडगे धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते खोरं उंब्रिया प्रांतात येतं. तिथल्या मोन्तोने गावात त्यांच्या नावाची छायाघडी उभारली आहे. तुम्ही तिकडे गेलात तर ती नक्की पाहा.

प्रश्न : असं काही नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात होऊ शकेल का?
— एक सायकलप्रेमी, नाशिक

उत्तर : सायकलस्वारांची उणीव नाही. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे भाऊ २०१५ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ दोघांच्या गटात पूर्ण करून आले. द्राक्षं आहेत, वायनरी आहेत, डोंगर आहेत. गंगापूर धरणाच्या काठापासून दिंडोरीकडे शिवरस्ते आणि पाणंदी पसरलेल्या आहेत. अडचण पाण्याची आहे. टस्कनीत पाऊस वर्षभरात विभागून पडतो, आपल्याकडे चार महिन्यांत कोसळतो. मुरूम चुनखडीइतका आवळून बसत नाही. खाली काळी माती असेल तर ती पावसात फुगते, उन्हात फाटते आणि वरचा थर मोडून टाकते. त्यामुळे आपल्या पाणंदीचं आयुष्य मुरूम किती ब्रास टाकला यापेक्षा कडेचा चर मोकळा आहे का, मोऱ्या योग्य जागी आहेत का आणि मधला भाग उंच ठेवला आहे का, यावर ठरतं. पाणंद रस्त्यांसाठी राज्याच्या योजना आहेत. त्यांत निचऱ्याच्या कामाकडे सर्वांत कमी लक्ष दिलं जातं आणि दोन पावसाळ्यांत पैसा वाहून जातो. सायकलस्वारांच्या संघटनांनी ग्रामपंचायतींबरोबर बसून एखादी चांगली पाणंद निवडावी, तिचे चर दर मे महिन्यात साफ करून घ्यावेत आणि त्या वाटेवर कायमच्या पाट्या लावाव्यात. ब्रॉची यांची सुरुवात ९२ माणसांनी झाली होती, तेवढी तर नाशिकच्या एका पेठेत मिळतील.

जायचंच असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीतल्या सकाळी चांगल्या. पण ऑक्टोबर छाटणीनंतर बागांत औषधफवारणी जोरात असते, आणि डाऊनी या रोगाच्या भीतीने ती कित्येकदा भल्या सकाळीच उरकतात. फवारणीचा ब्लोअर चालू दिसला की अलीकडेच थांबा, ट्रॅक्टर ओळीच्या टोकाला वळेपर्यंत थांबा किंवा वाट बदला. जानेवारीपासून काढणी सुरू होते. तेव्हा क्रेट भरलेल्या गाड्यांना पाणंदीत पहिला मान द्यायचा आणि आपण सायकल कडेला घेऊन उभं राहायचं. बागेच्या आतली वाट खासगी असते. मालकाला विचारल्याशिवाय तिच्यावर चाक घालू नका. विचारलंत तर बहुतेक जण आनंदाने हो म्हणतात, आणि हंगाम असेल तर हातावर घडही ठेवतात.